फळाचे माप कोणास लावावे?

गतवर्षी पावसाळ्याच्या आरंभी आमच्या घरामागील परसात पपईची पाच रोपे लावली गेली. लावली गेली म्हणण्यापेक्षा आत्याने लावली असे म्हणणेच खरे. पिकल्या फळाचे बी राखेत घोळून वाळविणे, रोपे करणे, खड्डे भरणे आणि पावसाने उघडीप दिली की तांब्याने पाणी घालणे, हे सारे तिचेच. मार्गशीर्षाच्या सुमारास झाडे फुलांवर आली. तीन झाडांच्या खोडालगत टपोऱ्या कळ्या धरल्या. उरलेल्या दोन झाडांना मात्र लांब लोंबत्या देठांवर बारीक पांढुरक्या फुलांचे झुबके आले. ती दोन झाडे नर निघाली.

त्याच सुमारास देवळात अभिषेकासाठी आलेले एक वृद्ध कुळागरमालक आमच्या ओसरीवर टेकले होते. त्यांची दृष्टी परसाकडे गेली आणि ते वडिलांना म्हणाले, ‘‘भटजी, ही दोन वांझोटी कशाला पोसता? जे फळत नाही ते नुसती जागा अडवते. आजच तोडून टाका.’’ बोलण्यात दुष्टावा नव्हता. जन्मभर बागायत केलेल्या माणसाचा तो साधा सल्ला होता. परंतु जवळच बसून वाती वळीत असलेली आमची आत्या त्या शब्दासरशी थांबली. ओच्यातल्या वाती तिने गोळा केल्या आणि काही न बोलता ती आत निघून गेली. आत्याला मूल झाले नाही. त्या एका कारणासाठी तिला सासर सोडावे लागले, हे गावात सर्वांस ठाऊक आहे. आम्ही तेथेच होतो. आम्हीही काही बोललो नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. जे फळत नाही ते निरुपयोगी, हा न्याय बागेत खरा आहे काय? आणि बागेत तो खरा असला, तर तो ओसरीवर आणता येतो काय? या प्रश्नाचा विचार करावयाचा तर प्रथम बागेचीच गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

देवाला आपण वाहतो त्या जास्वंदीच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही एकत्र नांदतात. बहुसंख्य सपुष्प वनस्पतींची रीत हीच आहे. नारळ, काकडी, भोपळा यांच्यात नरफुले व मादीफुले वेगळी, परंतु ती एकाच झाडावर किंवा वेलीवर असतात. याहून निराळा असा एक लहान वर्ग आहे. त्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. सपुष्प वनस्पतींच्या शंभर जातींपैकी सुमारे पाच-सहा जातीच अशा आढळतात. पपई, खजूर, जायफळ आणि आषाढ-श्रावणात आपल्या डोंगरांवर मिळणारी कर्टोली अथवा फागलां ही या वर्गातली.

वनस्पतींतही लिंगभेद आहे ही गोष्ट व्यवहारात फार प्राचीन काळापासून माणसास अवगत होती. इराकच्या भूमीत हजारो वर्षांपूर्वीपासून नर खजुरीचा तुरा मादी खजुरीच्या तुऱ्यात बांधण्याची चाल आहे. परंतु शास्त्रीय प्रयोगाने ती सिद्ध करण्याचे श्रेय जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील पंडित रुडॉल्फ कामेरारियस याच्याकडे जाते. एरंडाची नरफुले उमलण्यापूर्वीच खुडून टाकली तर रुजणारे बी धरत नाही, असे त्याने पाहिले आणि १६९४ साली एका दीर्घ पत्रातून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आता शेतकऱ्याची अडचण पाहा. पपईचे रोप हातभर झाले तरी ते नर की मादी, हे पानावरून वा खोडावरून ओळखता येत नाही. फूल येईपर्यंत चार-सहा महिने वाट पाहावी लागते. म्हणून जेथे नर व मादी वेगळे निघतात अशा जातीची लागण करताना एकेका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतात, सर्वांना खतपाणी देतात आणि फुले आली की नको ती उपटून टाकतात. म्हणजे जे झाड अखेर उपटावयाचे, त्यालाच कित्येक महिने पाणी पाजावयाचे. ज्याच्या विहिरीला माघातच तळ दिसतो त्याला हा खर्च केवढा जाचक होत असेल, ते सांगावयास नको. जायफळाची कथा याहून कठीण. आपल्या कुळागरांत माडा-पोफळींच्या सावलीत जायफळ चांगले येते. परंतु बियांपासून केलेली झाडे फुलांवर यावयास सहा-सात वर्षे लागतात आणि त्यांतली सुमारे निम्मी नर निघतात. बापाने लावलेले झाड नर आहे हे कळेपर्यंत मुलगा शाळेत जाऊ लागलेला असतो! यावर उपाय म्हणून मादी झाडाची फांदी रोपावर बांधून कलमे करण्याची पद्धत रूढ झाली. कर्टोली लावणारेही याच हेतूने ओळखीच्या वेलीचे कंद जपून ठेवतात.

ही अडचण मुळातून दूर करण्याचा प्रयत्न गेल्या शतकापासून चालू आहे. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर व हवाई बेटांत स्टोरी या दोन शास्त्रज्ञांनी परस्परांहून स्वतंत्रपणे पपईच्या लिंगाचा आनुवंशिक हिशेब मांडला. पपईचे प्रकार दोन नसून तीन आहेत: नर, मादी आणि एकाच फुलात दोन्ही अंगे असलेली उभयलिंगी. मादी आणि नर यांच्या संकरातून निम्मी झाडे मादी व निम्मी नर होतात. उभयलिंगी झाडाच्या स्वतःच्याच परागापासून धरलेल्या बियांत दोन उभयलिंगी तर एक मादी, असे प्रमाण पडते. कारण ज्या बीजात नराकडील गुणसूत्राची जोडी दोन्ही बाजूंनी येते, ते बीज जगतच नाही. पुढे २००४ साली पपईत लिंग ठरविणाऱ्या गुणसूत्राची जणू बाल्यावस्था दिसते असे संशोधकांनी दाखवून दिले, आणि २००८ साली पपईची समग्र आनुवंशिक संहिता वाचली गेली. या ज्ञानाचे व्यावहारिक फळ असे की, आज रोपाच्या कोवळ्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून त्या रोपाचे लिंग फुलाची वाट न पाहता सांगता येते. खजुराच्या बाबतीतही २०११ साली कतारमधील संशोधकांनी नर व मादी यांतील भेद दाखविणाऱ्या आनुवंशिक खुणा शोधून काढल्या.

काकडीवर्गातील वेलींची तऱ्हा आणखी निराळी आहे. तेथे वेल नर की मादी हा प्रश्न नसून कोणते फूल नर होणार व कोणते मादी होणार, हा प्रश्न असतो. त्यात इथिलीन नावाच्या वायूचा मोठा वाटा आहे. फळे पिकविणारा हा वायू वनस्पतीच्या अंगातच तयार होतो. तो वाढला की या वेलींवर मादीफुलांचे प्रमाण वाढते. म्हणूनच भोपळ्या-काकडीच्या कोवळ्या वेलींवर इथिलीन देणारे औषध बेताने फवारण्याची शिफारस कृषिशास्त्रज्ञ करतात. जवळजवळ सर्वच फुले मादी येतील अशा काकडीच्या जातीही तयार झाल्या आहेत.

येथे काही श्रद्धाळू वाचक विचारतील की, निसर्गाने झाकून ठेवलेली गोष्ट अशी उघडी करणे हा अधर्म नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. शेती ही मुळातच निवड आहे. भाताच्या खाचरातले तण काढताना, दाट रोपांची विरळणी करताना, पुढील सालासाठी भरघोस कणसाचे बी राखून ठेवताना आपले पूर्वज निवडच करीत होते. शिवाय सहा महिने वाढवून, फुलांवर आलेले झाड कुऱ्हाडीने तोडण्यापेक्षा ते रोप मुळातच त्या खड्ड्यात न लावणे यात हिंसा कमी, पाणी कमी आणि शेतकऱ्याचा घामही कमी खर्ची पडतो. तेव्हा रोपाचे लिंग जाणण्याच्या विद्येस आमचा आक्षेप नाही. उलट ती विद्या लहान शेतकऱ्याच्या हाती स्वस्तात पडावी, अशीच आमची इच्छा आहे.

परंतु ही विद्या शिकताना एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. आपण परसात मादी ठेवतो व नर तोडतो. म्हणजे मादी श्रेष्ठ, असे म्हणावे काय? मग हवाई बेटांत जाऊन पाहावे. तेथील बाजारास उभयलिंगी झाडाचे लांबट, पेरूच्या घाटाचे फळ हवे असते. मादीचे फळ गोल असते. म्हणून तेथे फळणारी मादी झाडेच उपटून टाकतात. त्या मादीचा अपराध वांझपणा नव्हे. तिच्या फळाचा आकार बाजाराला मानवत नाही, एवढाच! आता युरोप-अमेरिकेत खातात त्या ॲस्परॅगस नामक भाजीकडे पाहावे. ही आपल्या शतावरीच्याच कुळातली. तिचे कोवळे कोंब खावयाचे असतात. मादीची शक्ती बिया धरण्यात खर्च होते आणि तिच्या गळलेल्या बियांपासून नको तेथे रोपे उगवतात. म्हणून तेथे नर झाडाला मान, आणि केवळ नरच निपजावेत असे बियाणे शास्त्रज्ञांनी मुद्दाम तयार केले आहे. तेव्हा एका बागेत नर नको, दुसऱ्या बागेत मादी नको, तिसऱ्या बागेत फळणारी मादीही नको.

यावरून काय सिद्ध होते? श्रेष्ठ-कनिष्ठपणा झाडाच्या ठायी नाही. तो माप घेणाऱ्याच्या गरजेत आहे. पायलीने धान्य मोजावे, गजाने कापड मोजावे. गजाने धान्य मोजता आले नाही तर दोष धान्याचा नसतो.

आणखी एक गोष्ट. ज्याला आपण निरुपयोगी म्हणतो तो खरोखरच निरुपयोगी असतो काय? नर व मादी वेगळे असणाऱ्या पपईच्या बागेत दहा माद्यांमागे एक नर राखावा, असे जाणते सांगतात. हिशेब न कळलेल्या हौशी माणसाने सगळेच नर तोडले, तर परागावाचून मादीची फळधारणा खालावते. याहूनही नवल असे की, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, आज जिला बाजारात सर्वाधिक मान आहे ती उभयलिंगी पपई नर पपईच्याच गुणसूत्रापासून उपजली आहे. तिचे हे वेगळे होणे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, मध्य अमेरिकेतील माणसांनी पपई जोपासण्यास घेतल्यानंतर झाले असावे. त्या काळच्या माळ्यांनी प्रत्येक नर झाड वेळीच तोडून टाकले असते, तर हे फळ जगास लाभले असते काय?

येथपर्यंत बागेचा विचार झाला. आता ओसरीवर येऊ.

‘‘नर की मादी?’’ हा प्रश्न जसा रोपाविषयी विचारला गेला, तसाच तो मनुष्याच्या गर्भाविषयीही आपल्या देशात विचारला गेला, ही लाजिरवाणी गोष्ट झाकून चालणार नाही. गर्भजल तपासण्याची विद्या १९७० नंतरच्या दशकात भारतात आली ती गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी. परंतु थोड्याच काळात तिचा उपयोग मुलगी आहे की काय हे पाहण्यासाठी आणि असल्यास तिला जन्मच न देण्यासाठी होऊ लागला. त्याविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. त्यामागून १९९४ साली संसदेने सर्व देशासाठी कायदा केला, तो १९९६ च्या आरंभापासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४५ होती, ती २००१ मध्ये ९२७ झाली आणि २०११ मध्ये ९२० च्याही खाली उतरली. ही संख्या कमी होण्यास आपल्यासारखी देवधर्म करणारी घरेही कारण झाली आहेत. हे पाप केवळ अडाण्यांचे नव्हते. तपासणीचे पैसे मोजण्याची ऐपत असलेल्यांचेही ते होते.

कोणी म्हणेल, रोपाच्या पानाची तपासणी आणि गर्भाची तपासणी या दोहोंत ज्ञान तर एकाच प्रकारचे; मग एक पुण्य आणि दुसरे पाप कसे? याचे आमचे उत्तर असे. झाड आपण फळासाठी लावतो. फळ हाच त्या लागवडीचा हेतू असतो. म्हणून तेथे फळाचे माप चालते. परंतु अपत्य आपण कशासाठी ‘लावीत’ नाही. ते आपल्या घरी येते ते स्वतःचे आयुष्य घेऊन. वंश चालविण्यासाठी मुलगा, म्हातारपणी आधारासाठी मुलगा, हुंडा वाचावा म्हणून मुलगी नको, असा हिशेब ज्या क्षणी मांडला, त्या क्षणी आपण अपत्याला रोप आणि घराला वाफा केले. पाप यंत्रात नाही आणि ज्ञानातही नाही. बागेचे माप घरात आणले, तेथे ते आहे.

आणि हेच माप मूल न झालेल्या स्त्रीलाही लावले जाते. येथे आम्हांस आमच्याच विचारातील एक उणीव कबूल केली पाहिजे. पपईची ही सारी माहिती वाचल्यावर प्रथम आमच्या मनात आले की, आत्याला जाऊन सांगावे, ‘‘नर झाडावाचून बाग फळत नाही, तसे तुझ्यावाचून आमचे घर चालले नसते. आम्हां तिन्ही भावंडांना तूच वाढवलेस. देवळातल्या समईची वात तुझ्या हातची.’’ हे सारे खरेच आहे. परंतु थोडा विचार करता असे दिसून आले की, हे उत्तरही त्या वृद्ध गृहस्थांच्याच मापाने दिलेले आहे. त्यांनी म्हटले, उपयोग नाही म्हणून तोडा. आम्ही म्हणतो, उपयोग आहे म्हणून ठेवा. उद्या आत्याचे हात थकले, वाती वळवेनाशा झाल्या, तर काय तिची किंमत संपली? माणसाची बाजू त्याच्या उपयोगाने मांडू लागलो, की ज्या दिवशी उपयोग सरतो त्या दिवशी ती बाजूही सरते. म्हणून माणसाच्या बाबतीत उपयोगाचा पाढा वाचूच नये. माणूस आहे, हे कारण पुरेसे आहे.

मग झाडाच्या बाबतीत काहीच मर्यादा नाही काय? आहे, असे आम्हांस वाटते. परंतु ती वेगळी आहे. झाड तोडण्याची गरज पडते आणि ती आपण नाकारीत नाही. तथापि आपल्याकडे मोठे झाड तोडण्यापूर्वी त्याची क्षमा मागण्याची जी जुनी चाल आहे, तिच्यात शहाणपण आहे. ‘तुझी येथे मला गरज नाही’ आणि ‘तुला काही किंमतच नाही’ या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. पहिले वाक्य बोलून कुऱ्हाड चालविणारा शेतकरी दहांत एक नर राखतो, जंगलातली कर्टोलीची रानवेल मुळासकट उपटीत नाही, जुन्या जातीचे बी जपतो. दुसरे वाक्य बोलण्याची सवय ज्याच्या जिभेस लागली, त्याची जीभ बागेच्या कुंपणाशी थांबत नाही. ती ओसरीपर्यंत येते.

असो. आमच्या परसातील गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. पाचच झाडांची जागा अपुरी पडत होती हे खरे. म्हणून दोन नरांपैकी एक काढावयाचे ठरले. कोणते काढावे, हे आम्ही आत्यालाच विचारले. कुंपणाच्या सावलीत खुरटलेले होते ते तिने दाखविले. दुसरे राहिले. त्याची फुले सायंकाळी मंद वास देतात आणि दिवेलागणीनंतर मोठे पतंग त्यांच्याभोवती घिरट्या घालताना आम्ही पाहिले. हे पतंगच पपईचा पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात, असे आत्यास सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘असेल. पण पतंग नसते आले तरी मी त्याला पाणी घातलेच असते.’’

जे आम्हांस इतके वाचून कळले, ते तिला पाणी घालता घालता कळले होते. त्या दिवशी ओसरीवर आम्ही गप्प राहिलो, याची क्षमा आम्ही तिच्याजवळ मागितली आहे. हा लेख वाचणाऱ्या घरांतही कोठे अशी एखादी आत्या, मावशी, वहिनी असेल. एखादे झाड फळले नाही म्हणून तिच्यादेखत कोणी ‘वांझोटे’ हा शब्द उच्चारील, तेव्हा तेथे बसलेल्यांपैकी निदान एकाने तरी गप्प राहू नये, इतकीच आमची विनंती आहे.